टाकी भरली, हे कोण सांगणार?

(रौप्यमहोत्सवी वर्षात सोसायटीतल्या मुलांसाठी झालेल्या रविवारच्या कार्यक्रमातील भाषणाचा हा मजकूर. बोलताना माझ्या हातात सर्किट होतं, कागदावर ते नाही. म्हणून जोडणीचा भाग इथे थोडा सविस्तर लिहिला आहे.)



सचिवांनी आत्ता माझी ओळख 'इलेक्ट्रॉनिक्सचे जाणकार' अशी करून दिली. हे साफ खोटं आहे. मी १९७२ सालचा बी.कॉम. सगळं आयुष्य बँकेत गेलं. लेजर, व्हाउचर, कॅश टॅली, एवढीच माझी विद्या. घरातला फ्यूज उडाला तरी मी इलेक्ट्रिशियनची वाट बघत बसणारा माणूस. सोल्डरिंग आयर्न पहिल्यांदा हातात घेतलं ते वयाच्या बहात्तराव्या वर्षी, तेही नातीच्या नादानं, आणि पहिल्याच दिवशी बोट भाजून घेतलं. तेव्हा 'हे आपल्याला काय जमणार' असं ज्यांना वाटतंय, त्यांनी माझ्याकडे बघावं.

आज मी तुम्हाला पाण्याची घंटा करायला शिकवणार आहे. म्हणजे पाणी एका ठरावीक जागी पोचलं की भोंगा वाजतो, असं छोटं सर्किट. पण ते करायचं का सुचलं, हे आधी सांगतो.

या स्मरणिकेसाठी जुनी कागदपत्रं चाळायचं काम समितीनं माझ्याकडे दिलं होतं. सोसायटीच्या सुरुवातीच्या काळात मी खजिनदार होतो, त्यामुळे बऱ्याच फायलींवर माझंच अक्षर. २००३ सालच्या व्हाउचरच्या फायलीत एक कागद निघाला. 'टाकी ओसंडून पाणी वाया घालविल्याबद्दल वॉचमनच्या पगारातून कपात, रु. १५०.' खाली सही माझी. मला तो दिवस आठवला. पहाटे पाचच्या सुमाराला गच्चीवरून धो धो पाणी पडत होतं, जिन्यात ओहोळ आला होता, सातव्या मजल्यावरच्या वहिनींच्या दारात चपला तरंगत होत्या. सगळे चिडलेले. संध्याकाळी मीटिंग झाली आणि कपात मंजूर झाली. वॉचमनमामा काही बोलले नाहीत. मान खाली घालून उभे होते.

इथवर ठीक होतं. पण कामकाजाच्या वहीत ती मीटिंग शोधताना आधीची चार पानं उलटली गेली, आणि तिथे दुसरा ठराव दिसला. 'वीजबिलात बचत व्हावी म्हणून रात्री ११ ते सकाळी ६ लिफ्ट बंद ठेवावी. सर्वानुमते मंजूर.' सूचक कोण? मीच!

आता हिशोब बघा. त्या वेळी महापालिकेचं पाणी पहाटे साडेचारला यायचं. मामांनी साडेचारला पंप सुरू करायचा, पाचला दूधवाल्याला फाटक उघडायचं, पेपरवाल्याला आत घ्यायचं, आणि गच्चीवरची टाकी भरली का हे बघायला सात मजले जिना चढायचा, कारण लिफ्ट आम्हीच बंद केलेली. एका फेरीत भागायचं नाही, दोन-तीनदा जावं लागायचं. एक दिवस ते गेले नाहीत. त्याबद्दल दीडशे रुपये आम्ही कापले. दोन्ही ठराव एकाच वहीत, चार पानांच्या अंतरावर, आणि आमच्यापैकी एकालाही तेव्हा त्यांचा एकमेकांशी संबंध दिसला नाही. बँकेत असली एन्ट्री माझ्या हाताखालच्या माणसानं केली असती, तर मी त्याला उभा करून विचारलं असतं.

तो कागद हातात घेऊन मी बराच वेळ बसलो होतो. नात आली, म्हणाली, "आजोबा, टाकी भरली हे टाकीनंच का नाही सांगायचं? आमच्या सायन्सच्या बाईंनी दाखवलं होतं, एक ट्रान्झिस्टर लागतो फक्त." आठवीतली मुलगी, पण तिनं मुद्द्यावर बोट ठेवलं.

ट्रान्झिस्टर म्हटल्यावर आमच्या पिढीला रेडिओच आठवणार. आमच्या लहानपणी रेडिओला पोस्टातून लायसन काढावं लागे, आणि खांद्याला पट्टा लावून फिरवता येणाऱ्या छोट्या रेडिओलाच आम्ही 'ट्रान्झिस्टर' म्हणायचो. तो ज्या वस्तूमुळे इतका लहान झाला, ती वस्तू म्हणजे खरा ट्रान्झिस्टर. १९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजमध्ये तो पहिल्यांदा चालवून दाखवला गेला. बार्डीन, ब्रॅटन आणि शॉक्ले या तिघांना त्यासाठी १९५६ चं नोबेल मिळालं. आज तीच जात आपल्याला दोन-तीन रुपयांत मिळते. हा बघा, हरभऱ्याच्या दाण्याएवढा, तीन पाय असलेला.

सामान आम्ही मुंबईला लॅमिंग्टन रोडवरून आणलं. ग्रँट रोड स्टेशनला उतरून चालत पाच-दहा मिनिटं. दुकानदाराला यादी दिली तर तो चिमटीत मावेल एवढं सामान पुडीत बांधून देतो. यादी लिहून घ्या:

१. बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, एक. (दोन-तीन जास्तच घ्या, जळतात.)
२. १० किलोओहमचा रेझिस्टर, एक. पट्ट्या तपकिरी, काळी, नारिंगी.
३. १०० किलोओहमचा रेझिस्टर, एक. पट्ट्या तपकिरी, काळी, पिवळी.
४. '१०४' असं छापलेला छोटा चकतीसारखा कपॅसिटर, एक.
५. डीसी बझर, ३ ते २४ व्होल्टचा, एक.
६. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी आणि तिची टोपी.
७. ब्रेडबोर्ड आणि थोड्या तारा.
८. पाण्यात सोडायला स्टेनलेस स्टीलचे दोन लांब स्क्रू किंवा सळया.

लांब वायर सोडली तर सगळं मिळून दोनशे रुपयांच्या आत बसतं.

आता हे चालतं कसं? पाण्यातून वीज जाते, हे तुम्हाला माहीत आहे. पण अगदी शुद्ध पाण्यातून ती फारशी जात नाही. नळाच्या पाण्यात क्षार विरघळलेले असतात, ते वीज वाहून नेतात. तरीही ही वाट अरुंदच. दोन सळया पाण्यात धरल्या तर जेमतेम इतका प्रवाह जातो, की त्यावर बझर वाजणार नाही. मग मोठा आवाज येतो कुठून?

बँकेतलं उदाहरण देतो. खातेदाराचा चेक माझ्या टेबलावर यायचा, मी त्यावर छोटीशी सही करायचो. त्या सहीत पैसे नसतात. पण ती सही बघून कॅशियर तिजोरीतले पन्नास हजार मोजून द्यायचा. ट्रान्झिस्टरचं तसंच आहे. त्याला तीन पाय: कलेक्टर, बेस आणि एमिटर. पाण्यातून येणारा किरकोळ प्रवाह बेसला मिळतो, ती झाली सही. ती मिळाली की कलेक्टरपासून एमिटरकडे त्याच्या शे-दोनशे पट प्रवाह जाऊ शकतो, ती झाली रक्कम. आणि तिजोरी म्हणजे बॅटरी. ट्रान्झिस्टर स्वतः वीज तयार करत नाही, फक्त वाट मोकळी करतो. सही नाही तर पैसे नाहीत. म्हणूनच कोरड्या वेळी हे सर्किट बॅटरी जवळजवळ खातच नाही.

जोडणी ऐका. ट्रान्झिस्टरची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा क्रम येतो. ब्रेडबोर्डवर आडव्या ओळीतली पाच भोकं आतून एकमेकांना जोडलेली असतात, म्हणून तिन्ही पाय तीन वेगळ्या ओळींत खोचायचे. एमिटर बॅटरीच्या उणे टोकाला. बझरची लाल तार बॅटरीच्या अधिक टोकाला, काळी तार कलेक्टरला. पाण्यातली पहिली सळई सरळ बॅटरीच्या अधिक टोकाला. दुसरी सळई १० किलोओहमच्या रेझिस्टरमधून बेसला. मग १०० किलोओहमचा रेझिस्टर बेस आणि एमिटरच्या मध्ये, आणि त्याच दोन जागी १०४ चा कपॅसिटर. संपलं. वाटीत नळाचं पाणी घ्या, दोन्ही सळया बुडवा. भोंगा वाजलाच पाहिजे.

आमचा वाजला नाही.

मुलांनो, हसू नका. पहिल्या दिवशी तीन चुका झाल्या. पहिली, ट्रान्झिस्टर उलटा बसवला होता. दुसरी, बझर चुकीचा आणला होता. बाजारात दोन प्रकार मिळतात. एकाच्या पोटात आवाज करणारं सर्किट असतं, दुसऱ्याच्या नसतं. दुसऱ्याला बॅटरी लावली तर तो 'टक्' म्हणतो आणि गप्प बसतो. दुकानातच बॅटरीला लावून सलग वाजतो का बघावं. आणि तिसरी चूक म्हणजे मी वाटीत घेतलं होतं फिल्टरचं, आर.ओ.चं पाणी! त्यात क्षार कमी, त्यामुळे बझर आजारी माणसासारखा कण्हत होता. नळाचं पाणी घेतल्यावर खणखणीत वाजला. घरात काय आनंद झाला म्हणून सांगू! सौ. म्हणाली, "तीन दिवस डायनिंग टेबल अडवून ठेवलंत ते या आवाजासाठी?"

वाटीत वाजणं वेगळं आणि टाकीवर वाजणं वेगळं. समितीची परवानगी घेऊन गेल्या पावसाळ्यात आम्ही ते गच्चीवर नेलं. सळया टाकीत अशा टांगल्या, की त्यांची टोकं ओव्हरफ्लोच्या पाइपच्या तोंडापेक्षा चार बोटं खाली राहतील. म्हणजे पाणी बाहेर पडायच्या आधीच घंटा होईल. बॅटरी, बझर आणि सर्किट वॉचमनच्या केबिनमध्ये. टाकीपासून केबिनपर्यंत फक्त दोन तारांची वायर, पाण्याच्या पाइपच्या बाजूनं खाली आणलेली, विजेच्या केबलपासून लांब.

तिथे नवे धडे मिळाले. सुरुवातीला आम्ही १०० किलोओहमचा रेझिस्टर लावलाच नव्हता. नातीच्या वहीतल्या आकृतीत तो नव्हता. जुलैच्या दमट हवेत टाकीच्या झाकणाखाली थेंब धरले, दोन सळयांच्या मधल्या प्लॅस्टिकवर ओल आली, आणि टाकी अर्धी असतानाच बझर पहाटे बारीक आवाजात कुरकुरायला लागला. तो रेझिस्टर बेसला आलेल्या अगदी किरकोळ प्रवाहाला बाजूनं वाट करून देतो. खरं पाणी लागल्याशिवाय सही होत नाही. दुसरं म्हणजे पंप चालू झाला की बझर गुणगुणायचा. एवढी लांब वायर आजूबाजूच्या विजेची घरघर पकडते. त्यावर १०४ चा कपॅसिटर लावायला तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या इंजिनिअर काकांनी सांगितलं. दोन रुपयांत काम झालं.

तिसरा धडा सळयांचा. आधी तांब्याच्या तारा सोडल्या होत्या. महिन्याभरात अधिक टोकाची तार हिरवी पडून झिजली. एकाच दिशेनं प्रवाह वाहत राहिला की पाण्यातला धातू असा खराब होतो. स्टेनलेस स्टील बरंच टिकतं. शिवाय आपल्या सळयांना पाणी लागतं ते टाकी काठोकाठ भरल्यावरच. पंप बंद झाला, पाणी वापरात आलं, की त्या पुन्हा मोकळ्या.

एक गोष्ट मात्र कान उघडे ठेवून ऐका. हे सर्किट बॅटरीवरच चालवायचं. घरातल्या प्लगला जोडायचं नाही. पंपाच्या स्टार्टरला, पॅनेलला हात लावायचा नाही. घंटा झाली की आपोआप पंप बंद करता येतो का, असं काही जणांनी विचारलं. येतो, पण ते काम लायसन असलेल्या इलेक्ट्रिशियनचं, माझ्यासारख्या बी.कॉम.चं नाही आणि तुमचंही नाही. गच्चीवर टाकीजवळ मुलांनी एकट्यानं जायचं नाही.

यातून काय साधलं? आमचा हिशोब असा. आपली १०,००० लिटरची टाकी रिकामी असली तर भरायला ५० मिनिटं लागतात. म्हणजे मिनिटाला २०० लिटर. दहा मिनिटं टाकी ओसंडली तर २,००० लिटर गेले. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात. म्हणजे दहा मिनिटांत पंधरा माणसांचं एका दिवसाचं पाणी गटारात. वर ते चढवायची वीज गेली ती वेगळी.

हीच घंटा दुसरीकडेही लावता येते. दोन सळयांऐवजी दोन पट्ट्या जमिनीलगत बसवल्या की पंपाच्या खोलीत पाणी साचतंय हे वेळेत कळतं. स्वयंपाकघरातल्या सिंकखाली, वॉशिंग मशीनमागे, बंद करून गावाला जातो त्या घरात शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. तसला पाऊस काही दोनशे रुपयांच्या बझरनं अडत नाही. पण पहिलं बोटभर पाणी आलं तेव्हाच कळलं, तर स्टिल्टमधली गाडी बाहेर काढायला वेळ मिळतो. पाणी वाढलं असेल तर मात्र मीटरच्या खोलीकडे फिरकायचं नाही.

आता बँकवाल्याची शेवटची खोड सांगतो. आमच्या शाखेत चोराची घंटा होती. मी होतो तोवर चोर काही आला नाही. पण ती घंटा आम्ही नियमानं वाजवून बघायचो आणि रजिस्टरमध्ये सही करायचो. घंटा गप्प आहे याचे दोन अर्थ होतात. एक, सगळं ठीक आहे. दोन, वायर तुटली आहे. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून दर महिन्याच्या एक तारखेला मी किंवा इंजिनिअर काका, कोणीतरी एक गच्चीवर जाऊन ओल्या फडक्यानं दोन्ही सळया एकदम धरतो, आणि खाली वॉचमन हात वर करून 'वाजली' अशी खूण करतो. केबिनमध्ये वही टांगली आहे, तिच्यात तारीख आणि सही. आम्हा दोघांचे गुडघे आता कुरकुरतात, तेव्हा तुमच्यातल्या कोणी मोठ्या मुला-मुलींनी हे काम घ्यावं, अशी माझी विनंती आहे.

आणि समितीलाही एक विनंती. ही घंटा वॉचमनवर नजर ठेवायला लावलेली नाही, त्याच्या मदतीला लावलेली आहे. कधी घंटा होऊनही पाणी गेलं, तर आधी वायर बघा, बॅटरी बघा, त्या वेळी फाटकावर कोण होतं ते बघा. पगाराचं रजिस्टर शेवटी उघडा.

जाता जाता त्या दीडशे रुपयांबद्दल. आपले हल्लीचे वॉचमन त्याच तालुक्यातले आहेत. त्यांच्याकडून मामांचा फोन नंबर मिळाला. मामा आता गावी असतात, मुलगा शेती बघतो. मी फोन करून नाव सांगितलं तर लगेच ओळखलं. म्हणाले, "पाचव्या मजल्यावरचे बँकेतले साहेब ना?" मी त्यांना व्हाउचरची गोष्ट सांगितली आणि चूक आमची होती, असं म्हटलं. पलीकडे जरा वेळ शांतता. मी म्हटलं, "पैसे परत पाठवतोय. बावीस वर्षं, सहा टक्के सरळ व्याज, ३४८ रुपये होतात." ते हसायला लागले. म्हणाले, "साहेब, व्याज कशाला?" मी म्हटलं, "बँकेची सवय." शेवटी ३५१ पाठवले. माझ्या खिशातले, सोसायटीच्या खात्यातले नव्हेत, हिशोब तपासनीसांनी काळजी करू नये.

त्यांना घंटेबद्दलही सांगितलं. नातीनं आणि मी मिळून केली, टाकी भरली की खाली केबिनमध्ये वाजते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आणि एकच प्रश्न विचारला.

"साहेब, लिफ्ट आता रात्री चालू असते का?"

असते, म्हटलं. तो ठराव आम्ही पुढे बदलला होता.

"मग बरं आहे," ते म्हणाले.

मुलांनो, त्या टेबलावर दहा पुड्या बांधून ठेवल्या आहेत. दोघा-दोघांत एक पुडी घ्या. वाटीत पाणी नळाचंच भरा. कुणाचा बझर पहिल्या वेळी वाजला नाही तर वाईट वाटून घेऊ नका, आधी ट्रान्झिस्टरची सपाट बाजू बघा, मग मला हाक मारा. मी इथेच आहे.